पायलीला पायली

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा माणसांना नावं नसली तरी भागत होतं आणि शब्द मोडला तर मात्र भागत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती कान देऊन ऐकावी. मोठ्यांनी ऐकताना मान खाली घातली तरी चालेल.

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. तिथे नाचणी पिकायची, दुसरं फारसं काही पिकायचं नाही. हवा इतकी दमट, की साठवलेल्या धान्याला घरातच कोंब फुटायचे. म्हणून सुगी झाली की लोक खाण्याची नाचणी खापरावर शेकून ठेवायचे. शेकलेली नाचणी वर्षभर टिकायची, पण तिच्यातला जीव गेलेला असायचा. ती पेरली तर उगवत नसे. त्यामुळे पेरणीची नाचणी न शेकता, राखेत घोळून, वेगळी ठेवायची रीत होती.

ती ठेवायला साऱ्या गावाची मिळून एकच कणगी होती. प्रत्येक घरातून बियाणं यायचं आणि कणगी भरली की तिचं तोंड शेणाने लिंपायचे. त्या ओल्या शेणावर कणगीचा राखणदार आपला उजवा पंजा उमटवायचा. पंजा शाबूत तर बियाणं शाबूत, असं गाव मानायचं. दर अमावास्येला गावातली सर्वांत म्हातारी बाई येऊन त्या पंजावरून हात फिरवायची. ती आंधळी होती, पण तिच्या बोटांना बरंच दिसायचं.

राखणदार एकटाच होता. कणगीला लागूनच त्याची झोपडी होती. त्याचं काम म्हणजे बसून राहणं. उंदीर येऊ द्यायचे नाहीत, ओल येऊ द्यायची नाही, बस्स. जे काम नीट केलं की काहीच घडत नाही, त्या कामाचं कौतुक कोण करणार? लग्नात ढोलवाल्याला पान मिळायचं, कुंभाराला नारळ मिळायचा, राखणदाराला शेवटच्या पंगतीत पत्रावळ मिळायची. सारं गाव त्याला "अरे" म्हणायचं. कालची पोरंसुद्धा "अरे ए कणगीवाल्या" अशी हाक मारायची. एक ती आंधळी म्हातारीच काय ती त्याला "लेकरा" म्हणायची.

एकदा तो नदीपलीकडच्या गावी लग्नाला गेला. तिथे मंडपात एका बाईने मडकी मांडली होती. मडक्यात नाचणीचं मद्य होतं, फेसाळ, आंबूस आणि शेवटी जिभेवर कडू रेंगाळणारं. लोक पीत होते आणि त्या बाईला म्हणत होते, "अहो, काय हात आहे तुमचा." बाई साधीच होती, पायात वहाणही नव्हती. पण अख्खा मांडव तिला "अहो" म्हणत होता. राखणदाराला मद्य चढलं नाही. त्याला ते "अहो" चढलं.

त्याने बाईला कृती विचारली. तिने लपवाछपवी केली नाही.

"नाचणी भिजव. ओल्या फडक्यात बांधून मोड काढ. मोड आले की उन्हात वाळव आणि कांड. मग पेज शिजव, गार होऊ दे, त्यात ही आंबवणाची वडी कुस्कर. कडवटपणासाठी चिमूटभर काडेचिराईत टाक. मडक्याचं तोंड बांध आणि गप्प बस. गप्प बसणं जमलं, तर सगळं जमलं."

गप्प बसायचंच तर त्याचं काम होतं. घरी येऊन त्याने आपल्या हंड्यातली शेकलेली नाचणीच भिजवली आणि मातीत नाही तरी फडक्यात मोड येतील या आशेने बांधून ठेवली. तीन दिवस त्याने वाट पाहिली. मोड काही येईनात. चौथ्या दिवशी फडक्याला बुरशी आली आणि झोपडीत उभं राहवेना. तो पुन्हा नदी ओलांडून गेला. बाईने दाणा दाताखाली धरला आणि थुंकला.

"हा मेलेला दाणा आहे. शेकलायस तू. जिवंत दाणा लागतो याला."

राखणदार घरी परतला. गावात जिवंत दाणा एकाच जागी होता, आणि त्या जागेला टेकूनच तो रोज बसायचा.

दोन दिवस त्याने मनाला समजावलं. तिसऱ्या दिवशी मनानेच त्याला समजावलं. "मी चोरी कुठे करतोय? पायलीभर जिवंत दाणा घ्यायचा, पायलीभर माझा शेकलेला दाणा राखेत घोळून आत टाकायचा. पायलीला पायली. कणगी होती तेवढीच राहील. एवढ्या मोठ्या कणगीत एका पायलीने काय होतंय?" त्याने लिंपण फोडलं, पायलीला पायली केली, पुन्हा लिंपलं आणि वर आपला पंजा उमटवला. पंजा त्याचाच होता. कोण म्हणणार खोटा आहे म्हणून?

या वेळी मोड आले, पांढरे आणि नाजूक. त्याने सगळं बाईने सांगितल्याप्रमाणे केलं. दुसऱ्या दिवशी मडकं बोलायला लागलं. आतून बुडबुड आवाज यायचा आणि राखणदार मडक्याला कान लावून बसायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून काहीतरी घडत होतं. खरं सांगायचं तर त्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही. आनंद खरा होता, दाणा तेवढा दुसऱ्याचा होता.

पाचव्या दिवशी त्याने चार माणसांना बोलावलं. पहिल्या घोटाला त्यांनी तोंडं वाकडी केली. दुसऱ्या घोटाला ती सरळ झाली. तिसऱ्याला गावचा पाटील मांडी ठोकून म्हणाला, "अहो राखणदार, हे तुम्ही केलंत?"

झालं. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला, ते एका वाक्यात पदरात पडलं. आणि जे एकदा पदरात पडतं, ते रोज हवंसं वाटतं.

मग बारशाला मडकं गेलं, जत्रेला तीन गेली, पुढे तर रोजच जाऊ लागली. मद्याच्या बदल्यात लोक आपली शेकलेली नाचणी देत, आणि दर खेपेला तीच राखेत घोळून कणगीत जाई. राखणदार पहिल्या पंगतीत बसू लागला. पाटलाच्या मुलाच्या लग्नासाठी आठ मडक्यांचं बोलणं आलं, तेव्हा मात्र तो पाटलाकडे गेला. तो चाचरत म्हणाला, "पाटील, आठ म्हणजे... दाणा कुठून..."

पाटलाने हात वर केला. "अहो, कुठून आणता हे आम्ही कधी विचारलंय का तुम्हाला?"

खरंच, कुणीच विचारलं नव्हतं. शेकलेल्या नाचणीला मोड येत नाहीत, हे त्या गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. कुठे पाणी मुरतंय हे कळायला कुणी ज्योतिषी नको होता. पण पेला भरलेला असला की माणसाची अक्कल जरा बाजूला जाऊन बसते.

पुढच्या अमावास्येला म्हातारी आली. तिने पंजावरून बोटं फिरवली आणि फिरवतच राहिली.

"लेकरा, पंजा तुझाच आहे. पण शेण परवाचं आहे."

"ओल आली होती आजी, म्हणून पुन्हा लिंपलं."

म्हातारी वळली. काठी टेकत ती पाटलाकडे गेली आणि म्हणाली, "कणगी उघडून बघा. अजून वेळ आहे. नदीपलीकडे बियाणं मिळेल." पाटील तेव्हा पेला हातात घेऊन ओट्यावर बसला होता. तो हसला. "आजी, तुम्हाला काय दिसतंय?" सगळे हसले.

पेरणीचा दिवस आला. वाजतगाजत कणगी फोडली. ती काठोकाठ भरलेली होती, आणि राखेत सगळे दाणे सारखेच दिसत होते. लोकांनी आपापल्या टोपल्या भरून घेतल्या. मग पाटील म्हणाला, "अहो राखणदार, यंदा पहिली मूठ तुमच्या हातची पडू दे."

सारं गाव त्याच्याकडे बघत होतं. नदीपलीकडे अजून बियाणं होतं. पेरणीची वेळ टळायला अजून आठ दिवस होते. एक वाक्य बोलला असता तर गाव वाचलं असतं, त्याचं "अहो" तेवढं गेलं असतं. त्याने मूठ भरली आणि मेलेले दाणे ओल्या मातीत फेकले. लोकांनी हात जोडले.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. शेतात तण उगवलं. नाचणी कुठेकुठे दिसायची, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखी. म्हातारीने बांधावर बसून माती उकरली, एक दाणा काढला, चिमटीत चिरडून हुंगला.

"पोळलेला आहे," ती म्हणाली.

लोक काठ्या घेऊन झोपडीवर गेले. पाटील पुढे होता. "अरे, कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?"

राखणदार म्हणाला, "मी एकट्याने खाल्लं का? तुम्ही सगळे मागून मागून प्यालात."

"आम्ही मद्य मागितलं. बियाणं कधी मागितलं?"

तेव्हा म्हातारी मागून म्हणाली, "मी सांगितलं होतं, पाटील." सगळे मूग गिळून गप्प बसले. त्या वर्षी गिळायला तेवढेच होते.

नदीपलीकडची पेरणी आटोपली होती. तिथून दोन पोती मिळाली, ती उशिरा पेरली आणि वाया गेली. एकेक घर शेकलेल्या नाचणीचा हंडा खरवडू लागलं, आणि हंडा संपला की दाराला कडी घालून डोंगर उतरू लागलं. सर्वांत आधी पाटील उतरला. राखणदाराला कुणी मारलं नाही की हाकललं नाही. त्याला कुणी हाकच मारली नाही, "अरे" म्हणूनसुद्धा नाही.

शेवटी गावात दोनच माणसं राहिली. म्हातारीला डोंगर उतरणं शक्य नव्हतं आणि राखणदाराला तिला सोडून जाणं जमेना. तिच्या घरात दाणा नव्हता. त्याच्याकडे पाटलाच्या मुलाच्या लग्नातून उरलेलं एक मडकं होतं, तेच घेऊन तो तिच्या दारात गेला. तिने त्या मद्याचा थेंबही कधी चाखला नव्हता. मात्र तिच्या घरचं बियाणंही त्याच कणगीत होतं.

"काय आणलंस?"

"शेवटचं मडकं आहे, आजी. दुसरं काही उरलं नाही."

म्हातारीने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. बराच वेळ ती तो कडवटपणा चघळत राहिली.

"चांगलं जमलंय," ती म्हणाली, "अहो राखणदार."

त्याला आयुष्यभर हवा होता तो शब्द. तो खाली बसला आणि "लेकरा म्हण, आजी," एवढंच म्हणत राहिला. म्हातारीने पुन्हा तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी ती गेली.

बियाणं आंबवणारा जितका चोर, तितकाच ते कुठून आलं हे न विचारता पिणारा.