मोजडीतली माशी

“मग इतकी वर्षं मी इथे केर काढला, तो कशासाठी?”

“केर होता म्हणून,” नित्यबोध महाराज म्हणाले.

सारंगधराच्या कपाळावरची शीर ताठ झाली. वनस्पतिशास्त्राची प्राध्यापकी सोडून, आईची समजूतही न काढता तो या डोंगरमठात आला होता. महाराज ज्ञान देतील, एवढ्या एकाच आशेवर. आजवर एक मंत्र नाही, उपदेशाचा शब्द नाही.

महाराज ओसरीतल्या कुंडीला पाणी घालत होते. आसामकडच्या एका भक्ताने आणून दिलेले ते ऑर्किड. फुलाची खालची पाकळी मोजडीच्या चवड्यासारखी फुगीर होती. तिच्या पोकळीत एक माशी पडली होती; घसरत होती, पुन्हा चढत होती.

“हे बघा!” सारंगधर कडाडला. “पॅफिओपेडिलम! या प्रजातीत शंभरेक जाती, आणि एकजात लबाड. रंग दाखवून बोलवायचं. आत मधाचा थेंब नाही. माशी पडली की चहूकडे निसरडं. सुटायला वाट एकच, मागची, चिंचोळी. तिथून अंग चोळत निघायचं, तेही फुलाचा पराग पाठीवर घेऊन. तुमचा मठ याहून वेगळा आहे?”

“नाही.”

या कबुलीने तो अधिकच पेटला. त्याने ती पाकळी टर्रकन फाडली. माशी समोरूनच, रिकाम्या पाठीने, भुर्रकन उडून गेली.

“सोडवली मी तिला!”

महाराजांच्या हातातला तांब्या फरशीवर आदळला. त्यांना असे संतापलेले सारंगधराने कधी पाहिले नव्हते.

“पोहोचलीच होती ती मागच्या वाटेशी... एवढा शिकलेला तू. दिसलं नाही तुला?”

“मला एवढंच दिसलं, की तुम्ही मला फसवलंत.”

“हो. फसवलं.”

...

सारंगधराने वळकटी काखोटीला मारली. “जातो मी.” एरवी तोंडात बसलेले ‘येतो’ त्याने मुद्दाम टाळले.

पायरीवर मात्र त्याचे पाऊल अडखळले. महाराज आता तरी थांबवतील... निदान आता तरी काही सांगतील...

“तसाच उभा राहा,” मागून आवाज आला.

तो उभा राहिला. महाराजांचा तळवा त्याच्या पाठीवरून, मानेपासून कमरेपर्यंत, सावकाश फिरला. मग त्यांनी तो उजेडात धरला आणि बराच वेळ निरखला.

तळव्याला काहीच लागले नव्हते.

“जा,” महाराज म्हणाले. “तूही सुटलास.”