कांद्याआधीचा घास

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. माळझऱ्याच्या टेकडीला तेव्हा पायऱ्या नव्हत्या. वर खंडोबाच्या देवळात जायचं तर पुढे कुत्रं सोडायचं आणि ते जिथून चढेल तिथून आपण चढायचं, अशी गावाची रीत. देवाच्या पायाशी कुत्रं, म्हणून प्रत्येक घराच्या उंबऱ्याशीही कुत्रं. ज्याच्या दारात कुत्रं नाही त्याच्या घरी मुलगी द्यायला लोक कचरत, असं म्हणतात.

त्या गावात धुरपदा राहायची. सगळे तिला आत्या म्हणत, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. उंची अशी, की घरात शिरताना ती वाकायची नाही, चौकटच जरा वर सरकायची. आवाज असा, की तिने ओढ्याकाठी शिंक दिली तर टेकडीवरची घंटा हलायची. बोटं मात्र लोण्याची. मांजराच्या पंजातला काटा ती काढायची आणि मांजर आपलं झोपलेलंच असायचं. कुत्र्याच्या कानातली गोचीड तिला गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून कळायची. काही जण तर सांगतात, की तिला नुसतं येताना पाहून गोचिडी आपण होऊन खाली उतरत आणि रांगेने शिवेबाहेर चालू लागत. एकदा पाटलांचा पोपट मुका झाला. धुरपदेने त्याचा पिंजरा घासला, शेवाळलेलं पाणी ओतून ताजं भरलं, पिंजरा उन्हातून सावलीत टांगला. पोपट घोटभर पाणी प्यायला आणि त्याने पहिली शिवी हासडली ती थेट पाटलांना. पाटील त्या दिवसापासून स्वतः पाणी बदलू लागले, असं म्हणतात.

ती औषधं फार देत नसे. पाण्याचं भांडं रोज घासा, पिल्लू उन्हात बांधू नका, जखम कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुवा, आणि सकाळी तोंड धुण्याआधी आपल्या जनावराचा ओठ वर करून हिरड्या बघा. लाल दिसल्या तर कामाला लागा, पांढऱ्या दिसल्या तर माझ्याकडे या. तिचं सांगणं एवढंच.

पण एका दुखण्यापुढे धुरपदेचंही काही चालत नसे. ते दुखणं यायचं चंपाषष्ठीनंतर.

चंपाषष्ठीला देवाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. चातुर्मासभर कांदा-लसूण बंद असायचा, तो त्या सणाला पाटीपाटीने घरात यायचा. माळझऱ्याच्या भरितात वांगं चवीपुरतं आणि कांदा पोटभर असायचा. नैवेद्य दाखवून झाला की पहिला वाटा दारातल्या कुत्र्याला. ज्याचं कुत्रं परात चाटूनपुसून लख्ख करील त्याचं घर भरलेलं राहणार, ही श्रद्धा. मग काय, जो तो आपल्या कुत्र्याला आग्रह करकरून वाढायचा. जावयाला कोणी एवढा आग्रह केला नसेल. उरलेला प्रसाद टाकायचा नाही, म्हणून मडकं रिकामं होईस्तोवर पुढचे कित्येक दिवस कुत्र्याला भरीतच.

आणि मग गावातली काही कुत्री अंग टाकायची. खायची नाहीत, उठायची नाहीत. धापा टाकत पडून राहायची आणि जायची.

गाव रडायचं नाही. गाव म्हणायचं, देवाने नेलं. मोठा मान होता तो. मेलेल्या कुत्र्यावर भंडारा उधळायचा, गळ्यात झेंडूचा हार घालायचा आणि हलगी वाजवत त्याला टेकडीच्या पायथ्याशी पुरायचं. मालक वर्षभर छाती काढून फिरायचा. धुरपदेने स्वतः कितीतरी कुत्र्यांवर तो भंडारा उधळला होता. देवाची मर्जी म्हटल्यावर हिरड्या कशाला बघायच्या?

मग ते वर्ष आलं.

धुरपदेला मूल नव्हतं, नवरा केव्हाच गेला होता. घरात ती आणि हळद्या. हळदीच्या रंगाचा म्हणून हळद्या. हा कुत्रा तिच्याशी बोलायचा, असं म्हणतात. खरं तर बोलायची तीच, पण तो अशा ठिकाणी मान हलवायचा की ऐकणाऱ्याला दोघं बोलताहेत असंच वाटावं. चंपाषष्ठीला तिने हळद्याला स्वतःच्या हाताने भरीत भरवलं होतं, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. आणि धुरपदेचं भरीत म्हणजे गावातलं सगळ्यात झणझणीत.

एका सकाळी ती खराटा घेऊन बाहेर आली तर हळद्या उठला नाही. तिने ओठ वर केला. हिरड्या लसणाच्या सालीसारख्या पांढऱ्याफटक. लघवी काताच्या रंगाची. खराटा तिथेच टाकून ती त्याच्यापाशी बसली.

बातमी फुटली आणि गाव आनंदाने धावत आलं. कोणी हार आणला, कोणी भंडाऱ्याची वाटी आणली. हलगीवाला हलगी शेकूनच आला. शेजारच्या बनाबाईने तर धुरपदेला मिठीच मारली.

"आत्या, नशीब काढलंस. औंदा देवानं तुझं कुत्रं निवडलं."

धुरपदेने तिला हलकेच बाजूला केलं. हलकेच म्हणजे बनाबाई तुळशी वृंदावनापलीकडे जाऊन उभी राहिली.

"देवाला कुत्रं पायजे असंल तर त्यानं माझ्या दारात यावं नि मागावं. मग बघते मी. तवर ती हलगी खाली ठेवा."

हलगी निमूट भिंतीला टेकली. तेवढ्यात मागून मुसमुसण्याचा आवाज आला. निवृत्ती माळकऱ्याची बायको गयाबाई पदर तोंडाला लावून रडत होती. धुरपदेने विचारलं, तुला काय झालं?

"आमचा ढब्बू देवाला कधीच आवडला न्हाई, आत्या. एवढा म्हातारा झाला, पण एका चंपाषष्ठीला साधं शिंकला न्हाई. लोकं तोंडावर हसत्यात. आमच्या हातूनच काय तरी चुकत असंल."

धुरपदा तशीच उठली. हळद्याला खांद्यावर टाकलं आणि ढांगा टाकत गयाबाईचं घर गाठलं. तिच्या एका ढांगेत गल्ली संपायची, असं म्हणतात. ओसरीवर ढब्बू पसरला होता, नावासारखाच. तिने त्याचा ओठ वर केला. आतून जास्वंद फुलल्यासारखं लालबुंद. तिने विचारलं, याला काय घालता? तर तेच, भरीत आणि रोडगा. तिने मडक्यात बोट घालून चाटलं. वांगं तेच, शेंगदाण्याचं तेल तेच, चुलीचा धूर तोच. तरी जिभेला काहीतरी हुकल्यासारखं वाटलं. तिने परत चाटलं.

"गये, ह्यात कांदा कुठंय?"

"गळ्यात माळ हाय, आत्या. आमच्या घरात कांदा-लसूण येतोय कुठला? देवालाबी तसंच दावतो, बिनकांद्याचं."

तेव्हा धुरपदेच्या डोक्यात असा उजेड पडला, की भर दुपारी गावातले झाडून सगळे कोंबडे आरवले, असं म्हणतात.

पण उजेड पडून भागणार नव्हतं. घरोघरी मडकी अजून अर्धी भरलेली होती आणि कुत्र्यांना वाढायची वेळ होत आली होती. तिने आरोळी ठोकून गाव थांबवलं. सांगितलं, कुत्री देव नेत नाही, आपला कांदा नेतो. गाव चवताळलं. सटवाजी गुरवाने कपाळावर हात मारला. म्हणाला, नैवेद्याला दोष देतेस? आज तू कांदा काढशील, उद्या देवच काढशील. लोकांनी माना डोलावल्या आणि पुन्हा मडक्यांकडे वळले.

धुरपदेने मग वाद घातला नाही. एका हातात आपलं भरीत घेतलं, दुसऱ्या हातात गयाबाईचं, खांद्यावर हळद्या, आणि टेकडी चढायला लागली. आणि काय सांगावं, गावातली सगळी कुत्री वाढलेल्या पराती तशाच सोडून तिच्यामागे निघाली. काळी, पांढरी, ठिपक्यांची, लंगडी, आंधळी. मागोमाग मांजरं, पाटलांचा पोपट, आणि कुत्री कुठे निघाली ते बघायला अख्खं गाव. टेकडीला त्या दिवशी इतक्या पावलांनी वाटा पडल्या, की पुढे पायऱ्या बांधताना दगड फोडावे लागले नाहीत.

देवळासमोर देवाचं दगडी कुत्रं बसलेलं होतं. धुरपदेने त्याच्या डाव्या अंगाला आपलं भरीत ठेवलं, उजव्या अंगाला गयाबाईचं. आणि गाभाऱ्याकडे बघून म्हणाली,

"मल्हारी, माझं ऐकत न्हाईत. तुझ्या कुत्र्याला इचार."

वारा पडला. गुरव हसायला तोंड उघडणार, तोच दगडी कुत्र्याच्या नाकपुड्या हलल्या. त्याने धुरपदेच्या भरिताचा वास घेतला आणि असं सणसणीत शिंकलं, की देवळातला सगळा भंडारा उडाला आणि डोंगर पिवळा झाला. भंडारा खाली बसेस्तोवर त्याने मान उजवीकडे फिरवलेली होती. ती तशीच आहे, जाऊन बघा. काही जण म्हणतात घडवणाऱ्याचा हात चुकला. काही जण म्हणतात धुरपदेने आदल्या दिवशी पहार लावली होती. पण आदल्या दिवशी तर हळद्या आजारीच नव्हता, त्यामुळे त्या लोकांकडे लक्ष देऊ नये. गयाबाईचं भरीत मात्र फस्त झालं होतं. ते दगडी कुत्र्याने खाल्लं की सगळ्यांत शेवटी धापा टाकत पोचलेल्या ढब्बूने, यावर अजून भांडणं होतात.

येळकोट झाला. सटवाजी गुरवच सगळ्यांत आधी पळत खाली गेला आणि त्याने आपल्या कुत्र्यापुढची परात उचलली. प्रसाद टाकायचा तर नव्हता, म्हणून घरोघरी उरलेलं भरीत माणसांनीच संपवलं. त्या आठवड्यात माळझऱ्यात कोणी कोणाच्या जवळ जाऊन बोललं नाही, असं म्हणतात.

बाकीची कुत्री वाचली. हळद्या मात्र उठेना.

धुरपदा त्याला मांडीवर घेऊन दारात बसून राहिली. चमच्याने पाणी पाजायची, पातळ रस्सा ओठाला लावायची, आणि ज्या हाताने भरवलं त्या हाताकडे बघायची. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण तिचा शब्द कोणाला ऐकू येईना. गावाने रहाट ओढणं हळू केलं. बनाबाई लेकरांना दटावून गप्प करायची. हार आणणाऱ्यांनी हार लपवले. ती एवढंच पुटपुटायची, असं म्हणतात: "मीच घातलं रे. मागू नको ना आता, मल्हारी."

मग एका सकाळी तिने सवयीने ओठ वर केला. आत कुठेतरी, तान्ह्या बाळाच्या टाचेला असतो तसला, गुलाबी रंग आलेला होता. हळद्याने एक डोळा उघडला. उठला, पडला, पुन्हा उठला. लडखडत भिंतीपाशी गेला, तिथे टेकवलेल्या हलगीवर तंगडी वर केली आणि धार सोडली. पाण्यासारखी स्वच्छ, नितळ धार. हलगी अशी काही वाजली, की गाव उठून धावत आलं. धुरपदा त्या धारेकडे बघत बसली होती आणि रडत होती. तिला रडताना गावाने तेवढं एकदाच पाहिलं.

हळद्या पुढे इतकी वर्षं जगला, की मोजणारी माणसं आधी गेली.

आजही चंपाषष्ठीच्या आधी माळझऱ्याची माणसं आपापली कुत्री-मांजरं घेऊन टेकडीवर जातात. ओठ वर करून हिरड्या बघतात, कानातल्या गोचिडी काढतात. आता तालुक्याचे डॉक्टरही येतात आणि त्या पायऱ्यांवर बसून रेबीजची इंजेक्शनं देतात. आणि सणाच्या दिवशी वांगी भाजून झाली, की मीठ-तिखटाच्याही आधी, कांद्याला विळी लावण्याच्या आधी, एक वाटा बाजूला काढतात. त्याला म्हणतात धुरपदेचा घास. घरातली मोठी सून दारात येऊन मोठ्याने सांगते, "आत्या, घास काढला गं." बाहेरून कुत्रं भुंकलं की मगच कांदा चिरायचा. भुंकेपर्यंत विळी आडवी ठेवायची, पाहुणे कितीही भुकेले असोत.

आणि ज्या घरी कुत्रं नाही, त्या घरी सासरा भुंकतो. चांगलं दोनदा, खणखणीत. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, असं म्हणतात.