तांब्याच्या हंड्यातलं ताक

“मग दोष तांब्याचा, की ताकाचा?” मठाचे गुरू केरोबुवांनी विचारलं.

“दोघांचाही नाही, बुवा! दोघांना एकत्र ठेवण्याचा!” उत्तरा आवाज चढवून म्हणाली.

धातुशास्त्र शिकून ती परदेशातून परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, गावची माणसं ज्ञानाला तहानलेली असतील. आपण तोंड उघडायचा अवकाश. सिंदफणा नदीकाठच्या या मठात तिच्या वाट्याला आल्या त्या जांभया. लोखंडी कढईतली भाजी रक्ताला बरी, स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे... लोक माना डोलवत. आणि अमावास्येच्या पंगतीला ताक पुन्हा मठ स्थापणाऱ्या मूळ महाराजांच्या तांब्याच्या हंड्यातच ओतत. त्याची आतली कल्हई कधीच उडाली होती.

“आंबट ताक तांबं खातं, बुवा. तेच पोटात जातं. मागच्या पंगतीत माणसं ओकत होती!”

“ऊन लागलं व्हतं त्यांना,” मुदपाकखाना सांभाळणारी गयामाय आतूनच म्हणाली. “म्हाराजांच्या हंड्याला नावं ठिवू नको, बाई. लई शिकलीस म्हनून काय झालं?”

“ऐकलंत? तुम्ही एक शब्द टाका. लगेच बंद होईल.”

“होईल.”

“मग टाका की!”

“माझ्या शब्दानं हंडा माळ्यावर जाईल. मी गेलो, की खाली येईल...”

उत्तराने कपाळावर हात मारला. “मग मी तरी इथे कशाला डोकं फोडतेय? उद्याच जाते मी.”

बुवा उठून पंगतीकडे निघाले.

अमावास्येची पंगत बसली. मठाचा रिवाज असा, की ताकाची पहिली वाटी बुवांची. त्यांनी ओठ लावल्याशिवाय कुणी घोट घेत नाही. गयामायने हंड्यातून वाटी भरली. ताकावर हिरवट झाक होती.

बुवांनी वाटी उचलली.

“बुवा, नको!”

त्यांनी ती ओठांशी नेली.

उत्तरा पानं तुडवत, पंगत ओलांडत धावली. बुवांच्या हातावर तिने सणसणीत फटका मारला. वाटी उडाली. ताक दाढीवरून ओघळलं.

“गिळलंत? थुंका! थुंका म्हणते ना आधी!” ती त्यांचे खांदे गदागदा हलवत होती.

गुरूच्या अंगावर हात! पंगतीत घास हातातच राहिले...

गयामाय तिच्याकडे बघत राहिली. बुवांची दाढी पुसणाऱ्या तिच्या हातांकडे. मग गयामायनेच हंडा ओढत नेला आणि मोरीत पालथा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तराने जायचं रद्द केलं. गयामायच्या चुलीपाशी बसायचं, हाताखाली काम करायचं, असं ठरवून ती बुवांपुढे आली.

“राहतेय मी. पण बुवा, इतके दिवस घसा कोरडा करून मी हेच तर सांगत होते!”

“छे,” बुवा म्हणाले. “इतके दिवस तुला तांब्याची काळजी होती.”