बाहेरचं आत न्यायचं नाही

एका गावात एक भोळा भाचा राहत होता. नाव झुंबर. भोळा हे लोकांनी लाडाने ठेवलेलं विशेषण. डोकं न वापरणाऱ्यांचे आपल्याकडे फार लाड होतात.

त्याच्याकडे दूरच्या गावाहून कोंडाजीमामा आले. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. गावच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पायाला रक्त पुरत नाही. काचेच्या पेटीत निजवून तुम्हाला दाबाखाली प्राणवायू देऊ. दाबामुळे तो रक्तात जास्त विरघळतो आणि जखमेपर्यंत पोचतो. रोज या. खाडे केलेत, तर पाय कापावा लागेल."

मामांचा सगळा जीव पायात गोळा झाला. आणि तो पाय झुंबरच्या हवाली!

पहिल्याच दिवशी झुंबरने मामांचं डोकं तेलाने चोपडून आणलं.

"अरे, प्राणवायूत तेल म्हणजे भडका! तेल दिसलं की पुसायचं!" बाई ओरडल्या.

"आधी सांगायचं ना! आता ध्यानात ठेवतो."

ठेवलं. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलच्या साखळीला तेल दिसलं. त्याने ते पुसून लख्ख केलं. गाडी कुरकुरत निम्म्या वाटेत बंद पडली. मामा लंगडत पोचले.

"यंत्राला तेल लागतंच, बाबा! कुरकुरलं की घालायचं," बाईंनी समजावलं.

"आधी सांगायचं ना!"

त्या दिवशी पेटीतून निघाल्यावर मामा म्हणाले, "कान कुरकुरतात रे." झुंबरने घरी नेऊन त्यांच्या दोन्ही कानांत तेल ओतलं.

बाईंनी कपाळ बडवून घेतलं. "दाब वाढला की कानाचा पडदा आत ढकलला जातो. तेव्हा आवंढा गिळायचा, बस्स! आणि नीट ऐक. बाहेरचं काहीही आत जाता कामा नये. तेल नाही, काड्यापेटी नाही, काही नाही!"

"आधी सां..."

"गप!"

प्राणवायूला मात्र डोकं लागत नाही. तो आपलं काम चोख करत राहिला. जखमेच्या कडा गुलाबी दिसू लागल्या. "आता एकही खाडा नको," बाईंनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी झुंबरने मामांना फाटकाजवळच्या बाकावर बसवलं. "इथंच थांबा," म्हणाला आणि आत गेला. मामा थांबले. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भिंतीला धरून धरून ते आत पोचले.

पेटीवर नवा माणूस होता. जो आत आडवा होईल तो पेशंट, एवढीच त्याची अक्कल. आणि पेटीत झुंबर ऐसपैस पसरला होता.

मामांनी काच बडवली. "झुंबऱ्या, गाढवा, ती माझी जागा आहे!"

पेटीच्या कर्ण्यातून झुंबरचा आवाज आला. "बाहेरचं आत न्यायचं नाही, मामा. बाईच म्हणाल्या. तुम्ही बाहेरगावचे. मी इथला."

"अरे, आणि पायाचं काय?"

झुंबरने आवंढा गिळला, बाईंनी सांगितला होता तस्साच. मग दोन्ही पायांचे तळवे काचेला टेकवून दाखवले.

"काळजी सोडा, मामा. माझे दोन्ही वाचले!"