घाटाची बारा चित्रं

“ही कोण?”

केशवबुवांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि डॉक्टर गुमास्त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिलं चित्र दाखवलं, तेव्हा बुवांनी हेच विचारलं होतं. दुसरं दाखवलं, तेव्हाही हेच. मठाच्या ओसरीवर भिंतीला टेकवून डॉक्टरांनी घाटाची बारा चित्रं ओळीनं मांडली होती. बारा दिवस रोज सकाळी सातला नदीवर जाऊन, थंडीत कुडकुडत काढलेली. आणि या म्हाताऱ्याला त्यातली बोटभर तांबडी बाईच तेवढी दिसत होती!

“बुवा, घाटावरची एक बाई आहे ती,” डॉक्टर आवाज शक्य तेवढा मऊ ठेवून म्हणाले. “म्हणजे अशी... कुणीही.”

“कुणीही,” बुवा म्हणाले.

आता हे डॉक्टर कोण, ते सांगायला हवं. उपेंद्र गुमास्ते हे साताऱ्यातले दातांचे डॉक्टर. हात असा स्थिर, की सुई टोचलेली पेशंटला कळत नसे. पंचेचाळिशी ओलांडल्यावर या गृहस्थाला जलरंगांचं वेड लागलं. दवाखाना बंद केला, की मोबाइलवर देशोदेशीच्या चित्रकारांचे व्हिडिओ बघायचे. रविवार आला, की कुठली तरी कार्यशाळा गाठायची. सहा वर्षांत त्यांनी हात चांगलाच बसवला. खोटं कशाला बोला, बरे काढायचे.

पण गुरू नव्हता. प्रदर्शनात कुणी ना कुणी विचारायचंच, “शिकलात कुणाकडे?” डॉक्टर म्हणायचे, “मीच आपला... बघून बघून.” मग समोरचा “अच्छा, छंद म्हणून होय!” असं म्हणून चहाच्या टेबलाकडे वळायचा. हे ‘छंद म्हणून’ त्यांना फार झोंबायचं. इतरांच्या दाढा काढणाऱ्या माणसाची ही एक दाढ वर्षानुवर्षं ठणकत होती.

केशवबुवा चितारी यांनी चाळीस वर्षं देवळांच्या भिंती रंगवल्या होत्या. हात थरथरायला लागले, तेव्हा ब्रश खाली ठेवला आणि नदीकाठच्या या लहानशा मठात येऊन राहिले. शिष्य असे त्यांनी उभ्या आयुष्यात तीनच केले. ‘बुवांचा शिष्य’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. महिन्यापूर्वी डॉक्टर आले, तेव्हा बुवा एवढंच म्हणाले होते, “घाटावर बसा. एक चित्र काढून आणा. मग बघू.”

डॉक्टरांनी बारा आणली. शिवाय आणखी एक उद्योग करून ठेवला. येत्या रविवारी त्यांचं प्रदर्शन होतं. त्याच्या निमंत्रणपत्रिका छापून घेतल्या, वाटूनही टाकल्या. त्यात स्वतःच्या नावाखाली ठळक अक्षरांत ओळ घातली : ‘चित्रमहर्षी केशवबुवा चितारी यांचे शिष्य’. बुवा नाही कशाला म्हणतील, असं ते धरूनच चालले होते. आता बुवा नाही म्हणाले, तर रविवारी साऱ्या साताऱ्यासमोर ते तोंडघशी पडणार होते.

“आपण नीट बघा तरी,” ते म्हणाले. “हे पाणी बघा. ओल्या कागदावर ओला रंग सोडलाय. क्षणभर जरी चुकलं, तरी सगळा चिखल होतो. हे धुकं टिश्यू पेपरनं टिपलंय. हा दगड बघा, कसा खरबरीत दिसतोय? रंग ओला असताना वरून मीठ टाकलं. साधं, घरातलं. वाळल्यावर झाडलं, की असा पोत येतो.”

“मीठ?”

“मीठ! आणि पायऱ्यांवरचं हे ऊन... यात पांढरा रंग कुठेही नाही, बुवा. तो कागदच आहे. जिथे उजेड हवा, तिथे रबरासारखं एक द्रव आधी लावून ठेवायचं. वरून खुशाल रंगवत सुटा. शेवटी ते ओढून काढलं, की खालचा कागद कोरा करकरीत.”

बुवा वाकले. नाक कागदाला टेकेल इतके वाकले. बराच वेळ तसेच राहिले.

“छान,” ते म्हणाले. “हात चांगला आहे.”

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला.

“आणि हिला कसं काढलं?” बुवांचं बोट पुन्हा त्या तांबड्या बाईवर गेलं.

डॉक्टरांनी दात आवळले. मग वाटलं, ठीक आहे, तंत्रच विचारतोय ना, सांगून टाकू.

“ते सोपं असतं. कार्यशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात. गाजर काढायचं. वर रुंद, खाली निमुळतं. त्याच्यावर एक ठिपका. झाला माणूस.”

“गाजर.”

“हो. लांबून बघा, हुबेहूब माणूस वाटतो.”

“तांबडी का?”

“सगळं चित्र निळं-करडं आहे ना? डोळा ठरायला कुठे तरी एक तांबडा ठिपका लागतो.”

“म्हणजे ही घाटावर नव्हती.”

“नव्हती म्हणजे... असतंच की कुणी तरी.”

“कोण असतं?”

“मी असती की,” ओसरीच्या टोकाकडून आवाज आला.

डॉक्टरांनी वळून पाहिलं. पन्नाशीची एक बाई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. चेहरा कुठे तरी पाहिल्यासारखा वाटत होता. कुठे, ते काही आठवेना.

“ही कोंडाबाई,” बुवा म्हणाले. “मठाचं आणि गावातल्या चार घरांचं धुणं धुते.”

कोंडाबाई उठून चित्रांपाशी आली. हात मागे बांधून एकेक चित्र बघत पुढे सरकली. बाराव्यापाशी थांबली.

“मधल्या पायरीवर मी असती. तीस वर्सं झाली. ह्ये डाक्टर आलं, तिवई रवली, न् म्हनलं, बाई, जरा बाजूला व्हा, चित्रात येताय. मी सरकले. दुसऱ्या दिशीबी तसंच म्हनलं. मग मी आपली खालच्या धोंड्याकडंच जाया लागले. तितं लई शेवाळ हाय. येका हातानं धोंडा धरायचा न् येका हातानं धुयाचं. बारा दिस तसंच धुतलं.”

ती पुन्हा चित्राकडे वाकली.

“ही बाई कोन, मला न्हाई ठावं. माज्याकडं तांबडं लुगडंच न्हाई.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दळण कुठून आणलं हे सांगावं, तसं ती सांगत होती. डॉक्टरांना तेच जास्त लागलं. त्यांचे कान लाल झाले.

“मग काय करायला हवं होतं मी?” ते बुवांवरच उसळले. “पायरीभर चादरी पसरलेल्या! साबणाचा फेस! वर ती प्लास्टिकची निळी बादली! सगळी रचना विस्कटते, बुवा. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, एवढंसुद्धा चित्रकाराच्या हातात नाही? मग फोटोच काढायचे होते! आणि मी काही दंडाला धरून उठवलं नाही कुणाला. नम्रपणे विनंती केली.”

“व्हय,” कोंडाबाई म्हणाली. “लई ग्वाड बोलले.”

बुवा समोरच्या पारिजातकाकडे बघत राहिले. डॉक्टरांना वाटलं, आता उठावं, चित्रं गोळा करावीत आणि चालू पडावं. समजतो कोण हा स्वतःला? सहा वर्षं रक्त आटवलं, ते काय धुणंवालीकडून पारख करून घ्यायला?

“डॉक्टर,” बुवा म्हणाले, “तुमचं एक चित्र काढू?”

डॉक्टरांचा राग जागच्या जागी विरघळला. बुवांनी गेल्या सात वर्षांत ब्रश हातात धरला नव्हता, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. बुवांनी स्वतःच्या हातानं काढलेलं आपलं चित्र! पत्रिकेतली ओळ त्यापुढे काहीच नव्हती. ते प्रदर्शनात अगदी दारासमोर लावायचं, हेही त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

“काढा की, बुवा!”

त्यांनी चश्मा पुसला. विरळ केसांवरून हात फिरवला. पांढऱ्या शर्टाची कॉलर सारखी केली, आणि डावी बाजू पुढे करून ओसरीच्या कडेला बसले. ती त्यांची चांगली बाजू होती.

बुवांनी मांडीवर कागद घेतला. डॉक्टरांच्याच पेटीतला ब्रश उचलला, पाण्यात बुडवला. मग बघत राहिले.

“जरा बाजूला व्हा,” ते म्हणाले.

डॉक्टर वीतभर सरकले.

“आणखी.”

डॉक्टर खांबापर्यंत गेले.

“आणखी थोडं. चित्रात येताय.”

“बुवा, चित्र माझंच आहे ना?”

“आहे की. व्हा ना जरा. विनंती करतोय.”

डॉक्टर ओसरी उतरून अंगणात गेले. बुवा हातानं ‘मागे, मागे’ करत होते. तुळशीपाशी थांबले, तरी हात थांबेना. विहिरीपाशी थांबले, तरी थांबेना. शेवटी ते कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडले.

“फाटक ओढून घ्या,” बुवा आतून म्हणाले.

त्यांनी ओढून घेतलं. ऊन चांगलंच वर आलं होतं. टाळू तापायला लागली. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, तो वळून वळून बघत गेला. हसू की नको, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरांनी मान दुसरीकडे वळवली आणि वाट बघत राहिले. एका माणसानं दुसऱ्याला असं उभं करावं? वयाचा मान ठेवतो म्हणून काहीही करायचं?

कुंपणावरून त्यांना दिसलं : बुवांचा हात दोनदा हलला आणि थांबला.

“झालं. या.”

कागदावर एक गाजर होतं. वर एक ठिपका होता. हात थरथरला असावा, त्यामुळे गाजर जरा वाकडं आलं होतं. रंग तांबडा होता.

“हे काय?”

“तुम्ही.”

“हा मी?” डॉक्टरांचा आवाज चिरकला. “मी? चश्मा कुठे आहे? नाक कुठे आहे? मी पांढरा शर्ट घातलाय, बुवा! हे तांबडं कुठून आणलंत?”

“डोळा ठरायला लागतं.”

मग मात्र डॉक्टरांचा तोल सुटला. इतक्या वर्षांत पेशंटवर, कंपाउंडरवर, घरातल्या माणसांवर ते कधी असे ओरडले नव्हते.

“थट्टा करता? एवढा लांबून आलो, तुमच्या शब्दासाठी आलो, आणि तुम्ही मला फाटकाबाहेर काढता? मी काय वाटेवरचा कुणीही आहे? उभा होतो ना मी तिथे! उन्हात! जिवंत माणूस उभा होता, दिसत नव्हता तुम्हाला? हे असलं गाजर काढायचं होतं, तर मला उठवलं कशाला?”



बुवांनी ब्रश पाण्यात खळबळून काढला आणि पंच्याच्या टोकाला पुसला. कोंडाबाईचा घडी घालणारा हात थांबला होता. तिच्या डाव्या तळव्यावर आडवा ओरखडा होता, खपली धरलेला. डॉक्टरांना तो दिसला. 

राग गेला नव्हता.  फक्त आता तो धरायचा कुणावर, ते त्यांना समजेना.

बऱ्याच वेळानं त्यांनी पिशवीतून पत्रिका काढली आणि बुवांच्या पुढ्यात ठेवली. न दाखवताही चाललं असतं, पण त्यांनी ठेवली. बुवांनी ती हातभर लांब धरून वाचली.

“चित्रमहर्षी,” ते म्हणाले. “हे कोण?”

डॉक्टरांनी मान खाली घातली.

“ही ओळ खोडा.”

“तीनशे वाटून झाल्यात, बुवा.”

“मग रविवारी तोंडानं खोडा.”

“सगळ्यांसमोर?”

“लोक येणारच आहेत.”

डॉक्टरांनी एकेक चित्र उचललं. बारावं पेटीत ठेवताना त्यांनी ते जरा जास्तच वेळ हातात धरलं. मिठाचे दगड सुंदर आले होते. ऊनही सुंदर आलं होतं. ते पेटी बंद करून पायरी उतरले, अंगणात चार पावलं गेले, आणि वळले.

“आणि समजा... शिकायचंच असलं मला, तर?” प्रश्न जरा फणकाऱ्यानंच आला.

“तर उद्या सातला घाटावर जा. मधल्या पायरीवर बसा.”

“बसतो.”

“ही येईल धुणं घेऊन. हिनं उठवलं, की उठायचं.”

“अगं बया!” कोंडाबाई म्हणाली. “मी कशाला उठवू वो त्यास्नी? येवडं डाक्टर हायत.”

“उठवायचं,” बुवा तिला म्हणाले. “गोड बोलून.”

डॉक्टर तिथेच उभे होते. पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते.

“आणि परवाही उठवलं तर?”

“परवाही उठा.”

“रोज उठवलं तर?”

“रोज.”

“मग बुवा,” डॉक्टरांचा आवाज पुन्हा चढायला लागला, “चित्र काढायचं तरी कधी?”

बुवांनी डोळे मिटून घेतले होते...

“उठल्यावर,” ते म्हणाले.