शेवंतीची वेलांटी खाली पडली

एक होती वेलांटी. बारीकशी. डोक्यावरून वळलेली. ती राहायची शेवंतीच्या नावात, अगदी शेवटी. त दादाच्या खांद्यावर.

आज बालवाडीची सहल! मुग्धाताईने बिल्ल्यांचं यंत्र आणलं. खट खट खटाक! आला उमाचा बिल्ला. खट खट खटाक! आला राजूचा बिल्ला. खट खट... कचाक!

वेलांटी पडली खाली. बिल्ल्यावर उरलं 'शेवंत'.

"मी शेवंत नाहीये! मी नाही बसणार गाडीत!" शेवंतीने फतकल मारली.

पों पों! कोंडिबाकाकांची गाडी निघायला आली.

वेलांटी उठली. टिपटिप टिप्पी.

"त दादा, त दादा, खांद्यावर घे ना रे. शेवंती गाडीत बसेना!"

"यंत्रातली कात्री थांबेल, तर घेईन."

टिपटिप टिप्पी.

"कात्रीबाई, कात्रीबाई, थांब ना गं. त दादा घेईना, शेवंती गाडीत बसेना!"

"कच कच! मोजऱ्या नीट मोजेल, तर थांबेन."

मोजऱ्या बसला होता यंत्राच्या पोटात. टिपटिप टिप्पी.

"मोजऱ्या, मोजऱ्या, नीट मोज ना रे. कात्री थांबेना, त दादा घेईना, शेवंती गाडीत बसेना!"

"नीटच मोजतो! श एक. मात्रा दोन. व तीन. टिंब चार. त पाच. पाच झाले की कचाक! ताई शिकवेल, तर वेगळं मोजीन."

टिपटिप टिप्पी.

"ताई, ताई, शिकव ना गं. मोजऱ्या मोजेना, कात्री थांबेना, त दादा घेईना, शेवंती गाडीत बसेना!"

ताईने कपाळाला हात लावला. "अगं बाई! मीच त्याला तुकडे मोजायला सांगितलं! कोणी टाळ्यांनी मोजून दाखवेल, तर शिकवीन."

पों पों पों!

टिपटिप टिपटिप टिप्पी!

"मुली, मुली, टाळ्या वाजव ना गं! ताई शिकवेना, मोजऱ्या मोजेना, कात्री थांबेना, त दादा घेईना, शेवंती गाडीत बसेना!"

"शेवंती म्हणजे मीच की!"

शेवंतीने नाक पुसलं. बालवाडीत रोज वाजवतात, तशा टाळ्या वाजवल्या.

"शे!" टाळी.

"वं!" टाळी.

"ती!" टाळी.

"तीनच तर आहेत!"

"तीनच!" ताईने उडी मारली.

मग काय! ताईने शिकवलं. मोजऱ्याने मोजलं. "शे एक, वं दोन, ती तीन. अरेच्चा, अजून जागा उरली!" कात्री थांबली. त दादाने खांदा दिला. आणि टुणकन... वेलांटी वर!

खट खट खटाक! शेवंती!

शेवंती गाडीकडे पळाली. चढता चढता थबकली.

"काका, तुमच्या बिल्ल्यावर नुसतं 'कोंडि'!"

"आँ? माझा 'बा' कुठं गेला?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "कों! डि! बा!"

खट खट खटाक! काकांना त्यांचा 'बा' मिळाला.

पों पों पों! गाडी निघाली. शेवंती बसली खिडकीत, आणि वेलांटी बसली त दादाच्या खांद्यावर.