नववं बोट

एका डोंगराखालच्या गावात एक छोटं चर्च होतं, आणि त्या चर्चच्या फरशीवर एका रविवारी सकाळी ज्वारीचे थोडे दाणे सांडलेले दिसले. वेदीपासून बाजूच्या दारापर्यंत, एकामागे एक. फरशी तर कालच झाडलेली होती.

त्या गावाची एक रीत होती. सुगी आली की प्रत्येक घर आपली पहिली पेंढी वेदीपुढे आणून ठेवायचं. त्या कणसांची पुढच्या आठवड्यात मळणी व्हायची, दळण व्हायचं, आणि त्यानंतरच्या रविवारी त्याच पिठाच्या भाकऱ्या करून सगळं गाव प्रीतिभोजनाला एका पंगतीत बसायचं. पंगतीआधी एक गीत व्हायचं आणि ते दीनाबाई सांगायच्या, मागून सगळे म्हणायचे. त्या ओढ्यापलीकडे एकट्या राहायच्या, बोलायला जरा तिखट होत्या, पण त्यांनी सूर लावला की तान्ही मुलंसुद्धा रडायची थांबायची.

तर त्या दाण्यांच्या वेदीकडच्या टोकाला एक पेंढी कमी होती.

आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये दिवा लावायला शलोमी गेली होती. ही मुलांना रविवारी बायबलमधल्या दहा आज्ञा शिकवणारी मुलगी. शिकलेली, गोड गळ्याची, पण भारी घाबरट. पाल चुकचुकली तरी दचकायची. त्या संध्याकाळी बाजूच्या दाराशी तपकिरी काहीतरी हललं आणि तिच्या हातातली काड्यापेटीच पडली. ती उचलेपर्यंत तिथे काही नव्हतं.

चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, तू काय पाहिलंस? एवढे डोळे आपल्याकडे लागलेले बघून शलोमी घाबरली. काहीतरी सांगायलाच हवं असं तिला वाटलं. तपकिरी शाल गावात एकाच बाईकडे होती.

“दीनामावशींची शाल होती,” ती म्हणाली.

मग साक्षीदार मिळाल्यावर दाण्यांकडे कोण बघतं? कुणी म्हणालं, म्हणूनच ही बाई मागच्या बाकावर बसते. कुणी म्हणालं, गळा गोड असून काय उपयोग. दीनाबाईंनी एकदा शलोमीकडे पाहिलं, पदर खोचला आणि त्या निघून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी पाळकसाहेबांनी शलोमीला बोलावून सांगितलं, यंदाचं गीत तू सांग. तिला आनंद झाला. खूप दिवसांपासून तिच्या मनात ते होतंच. पण त्या आठवड्यात तिला जेवण गोड लागेना, आणि सूर लावायला बसली की पहिल्याच ओळीवर थांबायची. त्यातच कळलं की दीनाबाई भावाच्या गावी कायमच्या निघाल्यात. सामान बांधून झालंय, फक्त बैलगाडी यायची आहे.

प्रीतिभोजनाच्या दिवशी सकाळी मुलांचा वर्ग भरला. शलोमी आज्ञा बोटांवर शिकवायची. उजव्या अंगठ्यापासून सुरुवात करायची आणि एकेक आज्ञा म्हणत एकेक बोट दुमडत जायचं. एक छोटी मुलगी आठव्या बोटापर्यंत नीट आली. नवव्याला, म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही या आज्ञेला, तिने डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका दुमडली, तर करंगळीही वाकली. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

“ताई, हे दहावं आपोआपच येतंय,” ती कुरकुरली. “दहावी आज्ञा मी अजून म्हटलीच नाही.”

दहावी आज्ञा, दुसऱ्याचं जे आहे त्याचा लोभ धरायचा नाही. शलोमीने स्वतःचं बोट दुमडून पाहिलं, तर तिचीही करंगळी वाकली. भीती वाटली म्हणून बोलले, असं ती आठवडाभर स्वतःला सांगत होती. पण भीतीने तर जीभ गप्प बसते. दीनामावशींचंच नाव तोंडात का आलं, ते तिला त्या वाकलेल्या करंगळीने सांगितलं.

उपासना संपून लोक पंगतीला उठत होते. शलोमी पुढे गेली. तिने सांगितलं की मी चेहरा पाहिला नव्हता.

मागून एक काकू म्हणाल्या, “आणि शाल गं?”

“शालही नव्हती पाहिली. तपकिरी काहीतरी हललं, एवढंच. मला गीत हवं होतं.”

मग चर्चशेजारी राहणारे याकोबकाका डोकं खाजवत उठले आणि पुटपुटले की त्या संध्याकाळी आमचं तपकिरी वासरू सुटलं होतं खरं, तोंडाला कणसाचा भुसाही होता. पण साक्ष झाली होती, मग मी कशाला बोलू? त्यांची बायको म्हणाली, तुम्ही आणि तुमचं वासरू, दोघांनाही वेळेवर तोंड बंद ठेवता येत नाही आणि वेळेवर उघडताही येत नाही. पण हसलं कुणीच नाही.

भाकऱ्या निवत होत्या. शलोमीने ओढा ओलांडला. दीनाबाईंच्या अंगणात बैलगाडी उभी होती, गाडीत वळकटी आणि एक हंडा.

“दीनामावशी,” तिने हाक मारली. आतून आवाज नाही. तिने पुन्हा हाक मारली. नाही.

तेव्हा ती पायरीवर उभी राहून दाराशीच बोलू लागली. मी खोटं बोलले. सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोर सांगून आले. नुसती घाबरले होते असंही नाही, मला तुमची जागा हवी होती. तुम्ही नाही आलात तरी मी ते गीत सांगणार नाही. तुम्ही माफ करावंच असं नाही, पण हे ऐकून तरी जा. एवढं बोलून ती रडू लागली, आणि रडता रडता पुन्हा एकदा हाक मारली.

आत हंड्यावर हंडा ठेवल्याचा आवाज झाला आणि शलोमी दचकली.

“अगं, दार उघडंच आहे,” दीनाबाई आतून म्हणाल्या. “आठवडाभर उघडंच होतं. कुणी ढकलून पाहिलं नाही.”

तात्पर्य एवढंच: जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याची साक्ष देऊ नये, आणि दिलीच, तर देवापुढे गीत गाण्याआधी ज्याचं मन मोडलं त्याच्या दाराशी जावं.